जायफळ : उपयोग, मात्रा आणि धोका

महाड व पोलादपूर तालुक्यांत जायफळ ज्या घरीं नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. मसाल्याच्या डब्यांत वेलदोड्याच्या शेजारीं एखादें तरी जायफळ असतेंच. आणि ज्या घरांत तान्हें मूल आहे तेथें तें सहाणेच्या शेजारींही असतें. होळीच्या पुरणांत तें किसून पडतें. पावसाळ्यांत पोट बिघडलें म्हणजे तेंच उगाळून घेतलें जातें. लावणीच्या दिवसांत मूल रात्रीं रडूं लागलें म्हणजे त्याच्या जिभेवरही तेंच ठेवलें जातें. एकच वस्तु पक्वान्नाला वास देते, पोटाला औषध होते आणि डोळ्यांवर झांपड आणते. तेव्हां कोणत्या कामास ती किती घ्यावी हें घरांतील कर्त्या माणसांस नीट ठाऊक असलें पाहिजे. वस्तु रोजच्या परिचयाची झाली म्हणजे तिच्याविषयीं भय वाटेनासें होतें, आणि जेथें भय नाहीं तेथें मापही राहत नाहीं. जायफळाचें सारें हित त्याच्या मापांत आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखांत सप्रमाण सांगण्याचा विचार आहे. ज्या सभासदांच्या नारळ-सुपारीच्या बागेंत जायफळाचीं झाडें आहेत त्यांच्याकरितां वाळवणीची माहितीही पुढें दिली आहे. कारण भर पावसांत उतरणारें हें फळ नीट न वाळल्यास त्यांत दुसऱ्याच प्रकारचें विष उत्पन्न होतें.

झाडाची ओळख

जायफळाचें झाड मूळचें आपल्या देशांतलें नव्हे. इंडोनेशियाच्या पूर्व भागांत मोलुक्का नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील बांदा नांवाचीं अगदीं लहान बेटें हें त्याचें जन्मस्थान होय. या फळासाठीं तेथें पुष्कळ रक्तपात झाला. डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६२१ सालीं तीं बेटें जिंकून तेथील रहिवाशांची कत्तल केली व व्यापाराची मक्तेदारी आपल्या हातीं घेतली. पुढें १६६७ सालच्या ब्रेडाच्या तहांत इंग्रजांनीं बांदापैकीं रन या बेटावरील हक्क सोडला, आणि अमेरिकेंतील मॅनहॅटन बेट त्यांच्याकडे राहिलें. नेपोलियनच्या युद्धांच्या काळांत इंग्रजांनीं जायफळाचीं रोपें पिनांग वगैरे ठिकाणीं नेऊन लाविलीं, तेव्हां ती मक्तेदारी मोडली. आज हिंदुस्थानांत या पिकांत केरळ अग्रेसर असून कोकणांतही त्याची लागवड होते. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठानें ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या जाती प्रसृत केल्या आहेत, आणि रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें नारळाच्या बागेंत मसाल्याचीं झाडें घेण्याची जी ‘लाखी बाग’ पद्धति दाखविली, तींत जायफळास मानाचें स्थान आहे.

फळ पिकलें म्हणजे फिकट पिवळें होऊन आपोआप उकलतें. बाहेरची जाड मांसल साल दूर केली कीं आंत तांबडीभडक जाळी दिसते; ती जायपत्री. जायपत्रीच्या खालीं काळें कठीण कवच असतें व त्या कवचाच्या आंत जो गर असतो तेंच आपलें जायफळ. तेव्हां जायफळ व जायपत्री हीं एकाच फळाचीं दोन अंगें आहेत, आणि गुणदोषही दोहोंत सारख्याच जातीचे आहेत. एखाद्या पदार्थांत दोन्ही घालावयाचीं असल्यास माप करतांना दोहोंची बेरीज धरावी.

आंत काय असतें

जायफळाच्या गरांत शेंकडा २५ ते ४० भाग स्निग्ध पदार्थ असतो. तो सामान्य उष्णतेंत लोण्यासारखा घट्ट राहतो. याखेरीज शेंकडा ५ ते १५ भाग उडून जाणारें सुगंधी तेल असतें. वास, चव, औषधी गुण आणि विषारीपणा हे सर्व मुख्यतः या तेलांत आहेत. त्या तेलांत मिरिस्टिसिन, एलेमिसिन व सॅफ्रोल अशीं द्रव्यें आहेत. अधिक मात्रेंत मेंदूवर जो परिणाम दिसतो तो यांपैकीं पहिल्या दोहोंकडे मुख्यत्वें लावला जातो. बाजारांत ‘जायफळाचें तेल’ म्हणून जें मिळतें त्यांत हीं द्रव्यें एकवटलेलीं असतात. म्हणून तें तेल घरच्या घरीं पोटांत घेण्याची वस्तु नव्हे, हें येथेंच सांगून ठेवितों.

तेल उडून जाणारें असल्यामुळें जायफळ कुटून ठेविल्यास कांहीं आठवड्यांत त्याचा वास मंद होतो. यासाठीं अख्खें जायफळ बाळगावें व लागेल तेव्हां लागेल तेवढेंच किसावें. असें केल्यानें वास टिकतो, भेसळ टळते आणि हातास मापाचीही संवय लागते.

स्वयंपाकांतील उपयोग

आपल्या स्वयंपाकांत जायफळाचें मुख्य स्थान गोड पदार्थांत आहे. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, तांदळाची खीर, ओल्या नारळाच्या करंज्या व मोदकाचें सारण यांत वेलदोड्याच्या जोडीला तें घालतात. गूळ व नारळ यांच्या जड गोडीला जायफळाच्या किंचित् तिखट-कडवट वासानें उठाव येतो, आणि डाळीचें पुरण पचण्यास तें साहाय्य करतें असा जुना अनुभव आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत तें थोडें घालतात. कॉफींत जायफळ घालण्याची रीत तर मराठी घरांची खूणच म्हणावी लागेल. तिखट पदार्थांपैकीं मटणाच्या मसाल्यांत व गरम मसाल्यांत जायफळ व जायपत्री दोन्ही पडतात.

कृतीविषयीं दोन सूचना उपयोगी पडतील. पहिली अशी कीं, जायफळ पदार्थ चुलीवरून उतरवितांना घालावें; फार वेळ शिजल्यास सुवास वाफेबरोबर निघून जातो व कडवटपणा मागें राहतो. दुसरी अशी कीं, वास कमी वाटला म्हणून जायफळ वाढवूं नये. जुनें जायफळ बदलावें. बेचव झालेल्या जायफळाचें प्रमाण दुप्पट केल्यानें पदार्थ सुवासिक होत नाहीं, कडू मात्र होतो.

बाहेरची मांसल साल बहुतेक ठिकाणीं फेंकून दिली जाते. हें नुकसान आहे. ती तुरट-आंबट असून तिचें लोणचें, मुरंबा, साखरेंत मुरविलेल्या फोडी व सरबत होतें. साल चिरून मिठाच्या पाण्यांत कांहीं वेळ ठेविली म्हणजे तिचा तुरटपणा उतरतो. फळाच्या वजनाचा बराच मोठा भाग सालीचाच असल्यामुळें, ज्यांचीं झाडें फळतात त्यांनीं हा उद्योग घरांतील स्त्रियांच्या हातून अवश्य करून पाहावा.

आतां मापाचा हिशेब पाहूं. मध्यम आकाराचें वाळलेलें जायफळ कवच काढून सुमारें ५ ग्रॅम भरतें. जुन्या मापानें म्हणावयाचें तर जवळजवळ अर्धा तोळा. एक किलो हरभऱ्याच्या डाळींत तितकाच गूळ घातला म्हणजे साधारण ४० पोळ्यांचें पुरण होतें, आणि त्यास अर्धें जायफळ पुरतें. म्हणजे एका पोळींत सुमारें ६० मिलिग्रॅम, अर्थात् अर्धी गुंज, जायफळ आलें. सणाच्या दिवशीं कोणी चार पोळ्या खाल्ल्या तरी त्याच्या पोटांत दोन गुंजांहून अधिक जायफळ जात नाहीं. अन्नांतील या प्रमाणानें निरोगी माणसास अपाय होत नाहीं. पिढ्यान्पिढ्या आपण पुरणपोळी खात आलों व बाधा झाली नाहीं याचें कारण जायफळ निरुपद्रवी आहे हें नव्हे. आपल्या गृहिणींचा हात मोजका आहे हें होय.

औषधी गुण

आयुर्वेदांत याला जातीफल म्हणतात. चरकसंहितेंत मुखशुद्धीसाठीं तोंडांत धरावयाच्या द्रव्यांत त्याची गणना आहे, व भावप्रकाशांत तें कर्पूरादि वर्गांत आलें आहे. तें उष्ण, दीपन व ग्राही, म्हणजे भूक वाढविणारें आणि पातळ मळ बांधणारें मानलें आहे. अतिसारांत, पोटफुगींत व निद्रानाशांत तें देण्याचा प्रघात यावरूनच पडला.

आधुनिक शास्त्रानें या गुणांची थोडीबहुत छाननी केली आहे. प्रयोगशाळेंत जायफळाच्या तेलानें कांहीं जंतूंची वाढ थांबते असें दिसून आलें आहे, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत जुलाब कमी होणें व झोंप वाढणें हे परिणामही आढळले आहेत. परंतु माणसांवर मोठ्या संख्येनें व काटेकोर रीतीनें केलेल्या प्रयोगांनीं हे गुण अद्याप सिद्ध झालेले नाहींत. यासाठीं जायफळास घरगुती उपचार म्हणावें. हमखास औषध म्हणूं नये.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशांत प्रौढ माणसास चूर्णाची मात्रा अर्धा ते एक ग्रॅम दिली आहे. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मासा. अख्ख्या जायफळाच्या पांचव्या हिश्श्यावर औषधाची सीमा संपते, हें ध्यानांत ठेवावें. जुलाब होत असतांना जायफळापेक्षां मीठ-साखरेचें पाणी अधिक महत्त्वाचें आहे. जुलाबांत माणूस दगावतो तो अंगांतील पाणी गेल्यामुळें. जुलाबांत रक्त असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर उगाळण्यांत वेळ न घालवितां डॉक्टरांकडे जावें.

आणखी एक सावधगिरी. ‘जातीफलादि चूर्ण’ नांवाचें जें जुनें औषध शार्ङ्गधरसंहितेंत सांगितलें आहे त्यांत जायफळाबरोबर भांगही असते. केवळ नांव ऐकून, तें जायफळाचें साधें चूर्ण आहे अशा समजुतीनें, वैद्याच्या सल्ल्यावांचून तें कोणीही घेऊं नये, आणि मुलांस तर देऊंच नये.

अति मात्रेचा धोका

प्रौढ माणसानें एका वेळीं ५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक जायफळ पोटांत घेतल्यास विषबाधेचीं लक्षणें दिसूं लागतात. कांहींस याहून कमी मात्रेनेंही त्रास होतो. वरील हिशेबानें ५ ग्रॅम म्हणजे ८० पुरणपोळ्यांतील जायफळ झालें. जेवणांतून इतकें पोटांत जाणें अशक्य आहे; परंतु झोंप यावी म्हणून, नशेसाठीं, पैजेनें किंवा ‘नैसर्गिक वस्तु आहे, अपाय काय करणार’ अशा समजुतीनें चूर्णाचे दोन-तीन चमचे दुधांतून घेणारास तें सहज शक्य आहे.

लक्षणें अशीं: तोंडास कोरड पडते, चेहरा लाल होतो, छातींत धडधडतें, मळमळ व उलटी होते, घेरी येते, माणूस बेचैन होतो, भलतेंच दिसूं लागतें, भीति वाटते, बोलणें असंबद्ध होतें, आणि मग ग्लानि येते. हा अंमल एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. यांत मोठी फसगत अशी कीं, लक्षणें लगेच दिसत नाहींत. तीं दिसण्यास बहुधा ३ ते ६ तास लागतात. घेणारास वाटतें कीं पहिल्या मात्रेनें कांहींच झालें नाहीं, आणि तो दुसरी घेतो. जायफळाचे बरेच अपघात असे दुसऱ्या मात्रेनें बळावतात.

या बाधेच्या नोंदी जुन्या आहेत. १५७६ सालीं लोबेलियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें एका गरोदर इंग्रज स्त्रीची हकीगत लिहून ठेविली आहे. दहा-बारा जायफळें खाऊन ती भ्रमिष्टासारखी झाली होती. १८२९ सालीं पुर्किन्ये या प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञानें स्वतः तीन जायफळें खाऊन आपल्यावर होणारा अंमल टिपून ठेविला. १९०८ सालच्या एका वैद्यकीय लेखांत दोन जायफळें खाल्लेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची नोंद आहे. २००१ सालीं जर्मन डॉक्टरांनीं नोंदलेल्या एका मृत्यूंत शरीरांत जायफळाच्या द्रव्याबरोबर फ्लुनिट्रॅझेपाम हें झोंपेचें औषधही सांपडलें. प्रौढ माणसें जायफळानें क्वचितच मरतात हें खरें. पण मूल लहान असलें, किंवा जायफळास दुसऱ्या गुंगीच्या औषधाची जोड मिळाली, म्हणजे तो भरंवसा राहत नाहीं, हें या नोंदींवरून दिसतें. म्हणून जे झोंपेच्या किंवा मनाच्या विकारावरील गोळ्या घेतात, जे मद्य घेतात, किंवा ज्यांस हृदयविकार आहे, त्यांनीं स्वयंपाकापलीकडे जायफळ घेऊं नये.

गरोदर स्त्रियांनींही हीच मर्यादा पाळावी. अधिक जायफळ खाल्ल्यानें गर्भ पडतो अशी एक चुकीची समजूत पूर्वीं युरोपांत प्रचलित होती व आपल्याकडेही ती अधूनमधून कानीं येते. तिच्या नादीं लागणाऱ्या स्त्रीचा हेतु साधत नाहीं. विषबाधा मात्र होते.

तान्हीं मुलें

या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. घरांतील वडील स्त्रियांस तो वाचून दाखवावा.

बाळगुटीमध्यें हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा यांच्याबरोबर जायफळ उगाळण्याची चाल आपल्या भागांत जुनी आहे. आजीबाई सहाणेवर वेढे मोजून तें देत असत व त्यांच्या हातास संवय होती, हें मान्य केलें पाहिजे. तथापि वेढा हें माप नव्हे. सहाण खरखरीत असली, जायफळ ताजें व तेलकट असलें, हात जड असला, तर एकाच वेढ्यांत दुप्पट-तिप्पट अंश उतरतो. त्यांत लावणीचे दिवस आले, आईस पहांटे चिखलांत उतरावयाचें असलें व मूल रात्रभर जागवूं लागलें, म्हणजे दोन वेढ्यांचे चार होतात. ही निष्ठुरता नव्हे. ही थकव्याची वेळ असते. परंतु मुलाच्या शरीरास कारण कळत नाहीं, मात्राच कळते.

हिशेब करून पाहा. ६० किलो वजनाच्या माणसास ज्या ५ ग्रॅमांनीं बाधा होते, तें प्रमाण ४ किलो वजनाच्या अर्भकास लाविलें तर एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे तीन गुंजांहून कमी, इतकें होतें. शिवाय अर्भकाचें यकृत पूर्णपणें तयार झालेलें नसतें. अशीं द्रव्यें निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ति त्यास कमी असते. त्यामुळें हिशेबानें निघालेली तीन गुंजांची रेघही सुरक्षित धरतां येत नाहीं.

दुसरा तोटा याहून गंभीर आहे. तान्हें मूल रडतें तें भुकेनें, पोटदुखीनें, कान दुखल्यानें, तापानें किंवा श्वासाच्या अडचणीनें. रडणें ही त्याची एकुलती एक भाषा आहे. जायफळानें मूल गप्प झालें तर दुखणें गेलेलें नसतें. तें सांगणारें तोंड तेवढें बंद झालेलें असतें. सुस्तावलेलें मूल अंगावरही नीट पीत नाहीं, आणि सकाळीं जें दुखणें साध्या औषधानें आटोपलें असतें तें संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जातें.

जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत मुलास आईच्या दुधावांचून कांहींही, पाणीसुद्धां, देऊं नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. या नियमांत गुटी व जायफळ दोन्ही वर्ज्य ठरतात. सहा महिन्यांनंतर खिरींत किंवा शिऱ्यांत वासापुरतें जायफळ असल्यास हरकत नाहीं. झोंपेसाठीं म्हणून वेगळें उगाळून मात्र कोणत्याही वयाच्या मुलास देऊं नये. लावणीच्या दिवसांत तान्ह्या मुलाच्या आईस शेतावर न नेतां घरचें हलकें काम द्यावें. ज्यांच्या शेतावर मजूर स्त्रिया येतात त्यांनीं त्यांस मुलास पाजण्याकरितां ठराविक वेळीं सुट्टी द्यावी. जायफळाची गरज पुष्कळ ठिकाणीं एवढ्यानेंच नाहींशी होईल, आणि ही गोष्ट जमीनधारकांच्या हातची आहे.

बाधा झाल्यास काय करावें

कोणी जायफळ अधिक खाल्ल्याचें कळलें, किंवा मूल हांक मारूनही नीट जागें होत नाहींसें दिसलें, तर लक्षणांची वाट पाहत बसूं नये. उलटी करविण्यासाठीं मिठाचें पाणी पाजूं नये व घशांत बोटें घालूं नयेत. गुंगींत असलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. दूध, ताक, लिंबू असे उतारेही तोंडांत ओतूं नयेत. रोग्यास कुशीवर निजवावें, एकटें सोडूं नये, किती व केव्हां खाल्लें तें टिपून ठेवावें, उरलेलें जायफळ किंवा चूर्ण बरोबर घ्यावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून किंवा मिळेल त्या वाहनानें सरकारी रुग्णालय गांठावें. या विषावर खास असा उतारा नाहीं. परंतु श्वास, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवून डॉक्टर रोग्यास सांभाळतात, आणि वेळेवर पोंचलेला रोगी बहुधा बरा होतो.

वेळेवर पोंचण्याचें महत्त्व आपल्या तालुक्यांस नवें नाहीं. विंचूदंशावर मंत्र, पाला व लेप यांत रात्र घालविण्याची चाल येथें किती घातक होती, हें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं याच खेड्यांतील रोग्यांवर काम करून जगास दाखविलें. प्रॅझोसिन या औषधाच्या त्यांच्या उपचारानें विंचूदंशाच्या मृत्यूंचें प्रमाण फार खालीं आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु औषधाचा गुण येण्यास रोगी वेळेवर पोंचावा लागतो. जायफळाच्या बाधेसही तोच नियम लागू आहे.

ओलावा व बुरशी

आतां बागाईतदारांविषयीं. आपल्या दोन्ही तालुक्यांत वर्षांस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर जायफळाचा मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट हाच आहे. म्हणजे फळ उकलण्याची वेळ आणि सावित्रीस पूर येण्याची वेळ एकच. फळ ओल्या जमिनीवर पडून राहिलें, किंवा वाळवणी अर्धवट झाली, तर त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी चढते व ती अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करते. हें विष यकृताचा नाश करतें व दीर्घकाळ पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होतो. तें उन्हांत वाळवून, भाजून किंवा शिजवून जात नाहीं.

या विषाचा शोध १९६० सालीं इंग्लंडांत भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले त्यावेळीं लागला. आपल्या देशांत १९७४ सालीं राजस्थान व गुजरातच्या डोंगरी भागांत पावसानें भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्यानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मक्याइतकें जायफळ कोणी खात नाहीं, म्हणून तसा प्रसंग जायफळानें येणार नाहीं. परंतु बाजारांत मालाची किंमत यावरच ठरते. युरोपीय संघानें जायफळांत अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोस ५ मायक्रोग्रॅम व एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम ठेविली आहे. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे एक टन मालांत अवघे ५ मिलिग्रॅम. थोडीं बुरसटलेलीं जायफळें सबंध पोत्यास नापसंत करवूं शकतात.

यासाठीं पुढील पद्धति पाळावी.

१. हंगामांत रोज बाग फिरावी व उकललेलीं फळें झाडावरूनच काढावीं. झाडाखालीं जाळी बांधल्यास पडलेलें फळ चिखलास लागत नाहीं. जमिनीवर राहिलेलीं फळें वेगळीं ठेवावीं. चांगल्यांत मिसळूं नयेत.

२. जायपत्री त्याच दिवशीं अलगद सोडवावी व सपाट करून वेगळी वाळवावी. ती १० ते १५ दिवसांत तांबड्याची पिवळसर-तपकिरी होते.

३. बिया कवचासकट वाळवाव्या. त्यांस ४ ते ८ आठवडे लागतात. हलवितांना आंतला गर कवचांत खुळखुळूं लागला म्हणजे वाळवणी पुरी झाली.

४. पावसांत ऊन नसतें, म्हणून मंद उष्णतेची सोय करावी. परंतु उष्णता ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाऊं देऊं नये. अधिक तापल्यास गरांतील स्निग्ध पदार्थ वितळतो व सुगंधी तेल उडून जातें. चुलीच्या वर उंच फळीवर पातळ थर पसरून वाळविणें किंवा अनेकांनीं मिळून एक वाळवणी-यंत्र घेणें हे दोन मार्ग आहेत. एका बागेस न परवडणारें यंत्र दहा बागांस सहज परवडतें, आणि सहकाराचा उपयोग अशाच कामीं आहे.

५. साठवण हवाबंद डब्यांत, जमिनीपासून उंच व कोरड्या जागीं करावी. कवच शक्य तों विक्रीच्या वेळींच फोडावें.

पुराच्या पाण्यांत भिजलेला मसाला पुन्हा वाळवून वापरूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पाणी शिरलें तेव्हां घरोघरचे व दुकानांतले डबे बुडाले. अशा वेळीं महाग वस्तु टाकवत नाहीं हें स्वाभाविक आहे. पण जायफळाची किंमत थोडी आहे, यकृताची फार.

विकत घेतांना पारख

चांगलें जायफळ हातास जड लागतें. सुईनें टोंचलें असतां किंवा नखानें दाबलें असतां तेलाचा अंश वर येतो, आणि मधोमध कापलें तर आंत तपकिरी रेषांची नक्षी दिसते. हलकें, भोंकें पडलेलें, आंतून भुसभुशीत झालेलें जायफळ किडलेलें किंवा तेल काढून घेतलेलें असतें. कुबट वास किंवा पांढरी-हिरवी बुरशी असल्यास तें घेऊंच नये. बुरशी पुसून वापरणें तर सर्वांत वाईट. तयार चूर्णापेक्षां अख्खें फळ बरें. जायपत्री म्हणून पुष्कळदां रामपत्री विकली जाते. ती सह्याद्रींत होणाऱ्या रानटी जायफळाची जाळी असून रंगानें गडद व वासानें मंद असते. मसाल्यांत ती चालते, पण जायपत्रीच्या भावानें घेऊं नये.

तात्पर्य

आतांपर्यंतचें सर्व विवेचन तीन मापांत येतें. पुरणपोळींत अर्धी गुंज जायफळ जातें, तो स्वाद. प्रौढ माणसास वैद्य जास्तींत जास्त एक मासा देतो, तें औषध. अर्ध्या तोळ्यास विषबाधा सुरू होते. तान्ह्या मुलास मात्र यांपैकीं एकही माप लागू नाहीं. त्याचें माप शून्य. ही चार वाक्यें मोठ्या अक्षरांत लिहून मसाल्याच्या डब्याच्या झांकणास आंतून चिकटवावीं, आणि सहाणेवरचें जायफळ उचलून त्याच डब्यांत ठेवावें.